मे महिन्यातली बादली आणि पायाचा स्लॅब: या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात दुपारी दोनला नळ सोडून बघा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं तापलेलं असतं की चहाचं अर्धं काम झालंच म्हणून समजा. इंटर्न असताना मी याच पाण्यात पीओपीचा (प्लास्टर ऑफ पॅरिसचा) स्लॅब, म्हणजे पायाला मागून लावून बँडेजने बांधायची प्लास्टरची जाड पट्टी, बुडवला होता. पेशंट पन्नाशीचे काका, स्कूटर घसरून घोटा दुखावलेला. स्लॅब घातला, पाय रेक्झिनच्या उशीवर टेकवला, वरून चादर. पाच मिनिटांत काका म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आग होऊन राहिली ना पायात." मी म्हटलं, "काका, सुकताना गरम लागतंच." प्लास्टर रूमच्या मामांनी काही न बोलता मला बाजूला सारलं, बँडेज उलगडलं आणि स्लॅब उचलला. पोटरी लालबुंद. फोड यायचाच बाकी होता.

गरम लागतं हे खरंच. पीओपी पाणी शोषून परत जिप्सम होतं, त्यात उष्णता बाहेर पडते. पण पाणी गरम, थर जास्त आणि खाली रेक्झिनची उशी असं जमून आलं की ती उष्णता कातडीवरच कोंडते. पाणी 24-25 अंशांच्या आसपास हवं. उन्हाळ्यात सकाळीच बादली भरून सावलीत ठेवा, नाहीतर माठाचं पाणी मिसळा. एकाच बादलीत दिवसभर बुडवू नका. तळाशी बसलेल्या जुन्या प्लास्टरमुळे पुढचा स्लॅब हातातच घट्ट होतो. पायाला 12 ते 15 थर पुरतात, वीस घालून मजबुती येत नाही. आणि सुकेपर्यंत पाय उघडा, पंख्याखाली.

पाण्याआधीची चूक म्हणजे जोडवी आणि पैंजण. पायाला सूज चढणारच आहे, तरी "राहू द्या, नंतर काढू" म्हणून सोडून देतात. आजी तर नवरा समोर उभा असताना जोडव्याला हात लावू देत नाहीत. मग आजोबांनाच सांगायचं, "तुम्हीच काढा." बहुतेक वेळा जमतं. नाहीच निघालं तर बोटाला दोरा गुंडाळून, तेही नाही जमलं तर कापून.

आता घोटा. सगळ्यात जास्त स्लॅब इथे बिघडतात. उताण्या पेशंटचं पाऊल आपोआप खाली झुकतं आणि आपण तसंच गुंडाळून मोकळे होतो. काही आठवड्यांनी स्लॅब निघतो तेव्हा टाचेमागची शिर (पोटरीला टाचेशी जोडणारा दोर) आखडलेली, टाच जमिनीला टेकत नाही. पाऊल नडगीशी काटकोनात हवं. (टाचेमागची शिर तुटलेली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पाऊल मुद्दाम खाली ठेवतात.) गुडघा थोडा वाकवला की पोटरी सैल पडते आणि घोटा सहज वर येतो, मदतनीसाने पायाची बोटं धरून ठेवायची. हे सगळं कापूस गुंडाळायच्या आधी. नंतर पाऊल वर ढकललं की घोट्यासमोर कापसाच्या वळ्या पडतात आणि त्या रुततात. स्लॅब घट्ट होत असताना घोटा हलवला तर स्लॅब तिथेच मोडतो. दुसऱ्या दिवशी "स्लॅब तुटला" म्हणून परत येणाऱ्यांत हे बरेच असतात.

कापूस दोन-तीन थर, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा. टाच आणि दोन्ही घोट्यांवर जादा. पण गादी करू नका, सूज उतरली की स्लॅब खुळखुळतो. वरची कड गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला लागणाऱ्या हाडाच्या गाठीच्या दोन बोटं खाली थांबवा. तिथून जाणारी नस दबली की पाऊल वर उचलता येत नाही. स्लॅबला आकार द्यायचा तो तळहाताने, बोटांनी नाही. बोटाचा खळगा आतून कातडी कुरतडत राहतो.

घरी गेल्यावरच्या तक्रारी दोनच: ओला राहिला, नाहीतर दुखतंय. ओल्याचं कारण बहुतेक वेळा कूलर. त्याच्या दमट झोतासमोर पाय ठेवला की दोन दिवसांत सुकणारा स्लॅब लिबलिबीत राहतो.

दुखण्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. बोटं गार किंवा निळसर, मुंग्या, आणि बोट हलकेच ताणलं तरी कळ डोक्यात जाते, अशा वेळी दुखण्याचं इंजेक्शन देऊन झोपवणं ही मोठी चूक. बँडेज, कापूस, सगळं कातडीपर्यंत समोरून उभं कापा. वरचं बँडेज सोडून आतला कापूस तसाच ठेवला तर दाब उतरत नाही. कापल्यावर पाय उशांवर उंच चढवू नका, छातीच्या पातळीला ठेवा. तरी कळ थांबली नाही तर सर्जनला तिथल्या तिथे बोलवा, सकाळची वाट बघू नका.

आपल्याकडे गडचिरोली, भंडारा, छिंदवाड्याहून पेशंट येतात. संध्याकाळी स्लॅब घालून रात्रीची एसटी पकडतात, आणि सूज चढते ती वाटेत. म्हणून पाठवण्याआधी मी बँडेजवर समोरून, गुडघ्याखालून बोटांपर्यंत, पेनाने एक रेघ ओढतो आणि सोबतच्या माणसाला सांगतो: आधी जवळचा दवाखाना गाठा. वाटेत तो नसलाच आणि बोटं निळी पडली, तर कात्री या रेघेवरून चालवायची.