घरगुती स्नॉर्कल: पाइप सोपा, सांधे अवघड

स्नॉर्कल म्हणजे गाडी खोल पाण्यातून नेताना इंजिनला वरून हवा पुरवणारा पाइप. एअरबॉक्सच्या (एअर फिल्टरचा डबा) तोंडाचा आतला व्यास मोजा. पाइप त्याहून अरुंद असेल तर इंजिन गुदमरतं. फेंडरवर कागदी खाका चिकटवा, आधी बारीक भोक, मग होल सॉ (गोल भोक कापणारी करवत). कापलेल्या कडेला लगेच प्रायमर, गंज तिथूनच धरतो. बॉनेटखाली पीव्हीसी उष्णतेने वाकतो, म्हणून तिथे जाड सिलिकॉन होज आणि क्लॅम्प.

खरी गोम एअरबॉक्सच्या तळाशी असते: निचऱ्याचं भोक. बहुतेकजण तेच विसरतात. ते बुजवा, झाकणाला नवं गॅस्केट घाला. मग इंजिन आयडलवर ठेवून स्नॉर्कलचं तोंड सपाट फळीने झाका. काही सेकंदांत बंद पडलं तर उत्तम. चालतच राहिलं तर कुठूनतरी हवा शिरतेय, तिथूनच पाणीही शिरेल. ते सिलिंडरमध्ये दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो.