दिवाळीच्या सुट्टीत किल्ल्यावरच्या मावळ्यांचे रात्रीचे उद्योग

किल्ला करायला घेतला की पोरं दोन दिवस चिखलात खूश असतात, मग मावळे मांडून होतात, फोटो काढून होतात आणि तिसऱ्या दिवशी परत "आई बोअर होतंय" चालू. म्हणून आमच्याकडे किल्ला बांधून झाला की खरी मजा सुरू होते, कारण रात्री सगळे झोपले की मावळे गड उतरून घरभर हिंडतात (हलवणारे अर्थात आपणच, पोरांना कळू न देता). तीन ते सात-आठ वर्षांच्या पोरांना हे जाम आवडतं.

आधी किल्ला तर हवा. फ्लॅटमधे बाल्कनीचा एक कोपरा पुरे, फक्त कठड्याला लागून करू नका, पोरं विटांवर चढतात आणि पुढे वाकतात, घराच्या भिंतीला लागून करा. खाली जुनी ताडपत्री, त्यावर विटा, उलट्या कुंड्या, खोके जे असेल ते, मग गोणपाट आणि त्यावर माती. गोणपाट आधी पातळ चिखलात बुडवून घ्यायचं, कोरडं टाकलं तर माती धरत नाही. हे बुडवायचं काम पोरांना द्या आणि तेवढा वेळ आत जाऊन चकल्या तळा, बघत बसलात तर ओरडाल. हातपाय मात्र बाल्कनीतच बादलीत धुवायचे, बाथरूमच्या जाळीत माती अडकली तर ऐन दिवाळीत प्लंबर शोधत बसाल.

गवतासाठी अळीव. रात्री भिजवले की सकाळी मस्त बुळबुळीत होतात, तसेच चिखलावर टाकायचे, उतारावरही चिकटून बसतात. मोहरी पण उगवते पण ती गडगडत खाली येते आणि सगळं जंगल पायथ्याशीच होतं. नीट हिरवं दिसायला पाच-सहा दिवस लागतात म्हणून वसुबारसेच्या आठवडाभर आधी पेरा, आणि पाणी स्प्रेच्या बाटलीनेच मारा, तांब्याने ओतलं की बुरूज वाहून जातो.

किल्ला शक्यतो खरा निवडा, म्हणजे खोड्या आपोआप सुचतात. 2025 मधे युनेस्कोच्या यादीत जे 12 किल्ले आले त्यातले 11 आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी, त्यातला एखादा पोरांनी पाहिलेला असेल तर तोच घ्या. राजगड करायला सोपा, मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना तीन माच्या. सिंधुदुर्ग म्हणजे परातीत पाणी आणि मधे किल्ला, पण लहान पोर असेल तर त्या पाण्याचं काय होतं ते सांगायला नको. रायगड मला सगळ्यात आवडतो कारण तिथे हिरकणी आहे.

आता उद्योग. पहिला आणि शेवटचा नियम, महाराज सिंहासनावरून हलत नाहीत. खोड्या फक्त मावळ्यांच्या, नाहीतर आजोबा रागावतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

पहिल्या रात्री सोपं काहीतरी. एक मावळा चकलीच्या डब्यात, शेजारी अर्धी खाल्लेली चकली (ती तुम्हीच खायची). सोबत खलिता हवा. साधा कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की जुना दिसतो, गुंडाळून लाल दोरा बांधायचा. मजकूर असा काहीतरी, "गडावरचा दाणागोटा संपला. सबब आपल्या डब्यातील दोन चकल्या नेल्या आहेत. कळावे." हा बाबांनी जाड आवाजात वाचायचा. आमच्याकडची धाकटी "सबब म्हणजे काय" विचारते आणि मग दिवसभर सगळ्याला सबब म्हणते, सबब मला शू लागली वगैरे.

मग सिंहगडाची रात्र. तानाजी मालुसऱ्यांनी 1670 साली गड घेतला तेव्हा घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची गोष्ट सांगतात ना, ती झोपताना सांगायची आणि सकाळी फ्रीजवर प्लास्टिकची पाल किंवा डायनासोर, त्याला सुतळी, सुतळीला लटकलेले दोन मावळे. रायगड केला असेल तर हिरकणी डायनिंग टेबलावरून ओढणी धरून उतरताना, खाली बाळ म्हणून बोळ्यात गुंडाळलेला शेंगदाणा. पावलं पण करता येतात, ओला इअरबड कणकेत बुडवून ओट्यावर ठिपके काढत जायचे, थेट लाडवाच्या डब्यापर्यंत. एखाद्या रात्री विसरलात तर "काल पहारा कडक होता" म्हणा, चालून जातं.

पोरांना उलट खोडी काढायचा हक्क द्या, त्याशिवाय मजा नाही. आम्ही त्याला गनिमी कावा म्हणतो, दिवसाला एकदा, घरातला एकच मोठा माणूस पकडायचा. चपलांची जोडी बदलणं, बाबांच्या शर्टाची बाही शिवून टाकणं (ती आईच्या मदतीने), फराळाच्या ताटलीत प्लास्टिकची करंजी असलं काहीही. आजीचा चष्मा, गोळ्या, गाडीची चावी आणि मोबाईल यांना हात लावायचा नाही, हे आधीच पक्कं ठरवा.

दोन गोष्टी गंमत सोडून. घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर प्लास्टिकच्या तलवारी, भाले काढूनच ठेवा, सरळ तोंडात जातात. आणि किल्ल्यावर पणती नको, वरची माती वाळून पडली की खालचं गोणपाट पेटू शकतं, छोटी एलईडी माळ सोडा, रात्री दिसतंही छान.

मोठं भावंड असेल तर त्याला कटात घ्या, नाहीतर तो दुसऱ्याच दिवशी धाकटीला सगळं सांगून मोकळा होतो. कटात घेतलं की मात्र त्याचं डोकं आपल्यापेक्षा जास्त चालतं, फक्त भाऊबीजेपर्यंत तो साडेदहाच्या आधी झोपत नाही याची तयारी ठेवा.