ट्रीसेटमध्ये घटक भरताना या चुका टाळा

जावा या प्रोग्रामिंग भाषेतील ट्रीसेट हा संच घटक क्रमाने ठेवतो आणि पुनरावृत्ती होऊ देत नाही, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र दोन घटक सारखे आहेत हे तो कशावरून ठरवतो, याकडे दुर्लक्ष झाले की नोंदी गायब होऊ लागतात. समजा, विद्यार्थ्यांची गुणानुक्रमे यादी हवी म्हणून आपण केवळ गुणांची तुलना करणारा कंपॅरेटर, म्हणजे दोन घटकांचा क्रम ठरवणारा कोड, दिला. ८२ गुणांची एक विद्यार्थिनी संचात असताना ८२ गुणांचाच दुसरा विद्यार्थी आला, तर तुलनेचे उत्तर शून्य येते आणि ट्रीसेट त्याला नाकारतो. एररही येत नाही आणि इशाराही मिळत नाही. ॲड मेथड फक्त फॉल्स परत करते, आणि ते मूल्य तपासण्याचे अनेकदा राहून जाते. दोन घटक समान आहेत का हे सांगणारी इक्वल्स मेथड कितीही काळजीपूर्वक लिहिली असली, तरी घटक भरताना तिचा विचारच होत नाही. म्हणून गुण समान असल्यास हजेरी क्रमांकाची तुलना होईल, असा दुसरा निकष जोडावा. बिगडेसिमल या दशांश संख्यांच्या प्रकारातील २.० आणि २.०० ही मूल्ये इक्वल्सवर चालणाऱ्या हॅशसेट या संचात दोन, तर ट्रीसेटमध्ये एकच राहतात, त्याचेही कारण हेच.

याहून शोधायला अवघड चूक म्हणजे संचात असलेल्या विद्यार्थ्याचे गुण तिथल्या तिथे बदलणे. ट्रीसेटच्या आतील रेड-ब्लॅक ट्री या झाडासारख्या रचनेमध्ये घटकाची जागा तो भरतानाच ठरते. गुण बदलले म्हणून ती आपोआप बदलत नाही. परिणामी लूप चालवल्यावर विद्यार्थी दिसतो, पण कंटेन्स मेथड तो नाही असे सांगू शकते आणि रिमूव्हलाही तो सापडेलच असे नाही. घटक आधी काढावा, मग बदलावा आणि पुन्हा भरावा.

वजाबाकी करून तुलना करणेही टाळावे, कारण मोठ्या धन आणि ऋण संख्यांमध्ये ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे उत्तर मर्यादेबाहेर जाऊन, क्रम उलटतो. इंटिजरची कंपेअर मेथड वापरावी. कंपॅरेटर न देता घटकांचा स्वतःचा नैसर्गिक क्रम वापरताना नल, म्हणजे रिकामा संदर्भ, भरल्यास नलपॉइंटरएक्सेप्शन ही एरर येते.

मराठी शब्द भरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, नैसर्गिक क्रम युनिकोडने प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांवर चालतो, आणि तिथे ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ यांच्यामध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे. त्यामुळे ‘मळा’ हा शब्द ‘महाल’च्या आधी लागतो. वर्णमालेचा क्रम हवा असेल, तर मराठीचे नियम दिलेला कोलेटर, म्हणजे भाषेनुसार शब्दांची तुलना करणारा कंपॅरेटर, संच तयार करतानाच द्यावा, कारण भरलेल्या संचाचा कंपॅरेटर नंतर बदलता येत नाही.