सोलापुरात समुपदेशनाची फी कशी ठरवावी

पुण्यातला दर अर्धा करायचा, नाहीतर शेजारच्या क्लिनिकपेक्षा शंभर रुपये कमी ठेवायचे, अशीच बहुतेक समुपदेशकांची फी ठरते. त्यात स्वतःचा खर्च कुठेच धरलेला नसतो. मग भाडे अंगावर येते, दिवसाला आठ सेशन घ्यावी लागतात आणि सातव्या माणसाचे बोलणे नुसते कानावरून जाते. म्हणून आधी वही उघडा.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. जुळे सोलापुरात खोलीचे भाडे ९,००० रुपये, वीज-इंटरनेट १,५००, महिन्यातून दोनदा सुपरव्हिजनचे (आपल्या कामावर अनुभवी समुपदेशकाकडून मार्गदर्शन घेण्याचे) २,०००, प्रशिक्षण-पुस्तकांचे २,०००, हिशेबनीस, व्यवसाय कर आणि किरकोळ मिळून १,५००. झाले १६,०००. घरखर्च, प्राप्तिकर आणि आजारपणाची शिल्लक धरून ३४,०००. म्हणजे महिन्याला ५०,००० हवेत.

आता सेशन मोजा. आठवड्याला २० सेशन, वर्षाचे ४६ आठवडे. उरलेले सहा आठवडे दिवाळी, गड्ड्याची यात्रा, आजारपण, लग्नकार्य यांत जातात. ९२० झाली, पण सुमारे १५ टक्के रद्द होतात असे धरा. हाती राहतात ७८२, म्हणजे महिन्याला ६५. ५०,००० भागिले ६५, सरासरी ७७० रुपये. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ८० सेशन धरून भागणे. आकडा ६२५ येतो, स्वस्त वाटतो आणि दर महिन्याला खड्डा पडतो.

७७० ही सरासरी आहे, दर नव्हे. सवलतीच्या जागा आधीच राखून ठेवा: ६५ पैकी १३ सेशन ५०० रुपयांत, ७ सेशन २०० रुपयांत. त्यांचे ७,९०० जमतात. उरलेल्या ४५ सेशनचा दर ९५० ठेवला की ४२,७५० येतात आणि गणित बसते. सवलतीच्या जागा भरल्या की तसे स्पष्ट सांगा आणि प्रतीक्षा यादी ठेवा. समोरच्याचा चेहरा बघून फी कमी केली की दोघांवरही ओझे येते: त्याला उपकार वाटतात, तुम्हाला तो उशिरा आला की राग येतो.

उत्पन्नाचा दाखला मागू नका. पहिल्या फोनवरच सांगा: “सेशन ५० मिनिटांचे. फी ९५०, ५०० किंवा २००. कोणती झेपेल ते तुम्हीच सांगा, कारण विचारणार नाही.” एवढे बोलून थांबा. घाईने “चालेल का, जमेल का” सुरू केले की घासाघीस तुम्हीच सुरू केलेली असते.

चार सेशनचे आगाऊ पॅकेज सोयीचे वाटते, पण विडी कामगार बाईला किंवा यंत्रमागावरच्या माणसाला एकदम ८०० रुपये काढणे जड जाते. दर वेळचे २०० मात्र तो देऊ शकतो. फीऐवजी चादर, टॉवेल किंवा शेंगाचटणी घेऊ नका. त्यातून नाते बदलते. डॉक्टरांनी पेशंट पाठवल्याबद्दल ‘कट’ मागितला तर सरळ नकार द्या, तो पैसा पेशंटच्याच खिशातून जातो.

फी नवरा किंवा सासू भरत असेल, तर पहिल्याच दिवशी दोघांसमोर सांगा की पावती मिळेल, आत काय बोलणे झाले ते मिळणार नाही. ही गोष्ट टाळली की तिसऱ्या-चौथ्या सेशननंतर “ती काय म्हणाली?” हा प्रश्न दारातच येतो.

२४ तास आधी न कळवता सेशन चुकले तर अर्धी फी घ्या, पण हा नियम आधी लेखी द्या. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटहून एसटीने येणाऱ्याची गाडी चुकली, तर उरलेल्या वेळेत फोनवर बोला. २०० रुपये देणाऱ्याकडून चुकलेल्या सेशनचे पैसे घेऊ नयेत, असे आमचे ठाम मत आहे.

फी वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये वाढवा आणि फेब्रुवारीतच सांगा. उपचार अर्ध्यावर असलेल्यांना आणखी तीन महिने जुना दर ठेवा.

एखाद्याला २०० रुपयेही परवडेनासे झाले, तर त्याला अचानक सोडू नका. दोन सेशन विनामूल्य घ्या आणि त्या काळात सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीची वाट दाखवून द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक कागदावर लिहून त्याच्या हातात द्या आणि पहिला फोन तुमच्यासमोरच लावू द्या.