वाइन घ्यायचीय? आधी वर्ष बघा, मग किंमत

"हजार-बाराशेत चांगली वाइन सांग ना" असं कुणी ना कुणी सारखं विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आपल्याकडच्याच वाइन घेतल्यात, म्हणजे नाशिक, अकलूज आणि थोडं कर्नाटक. फ्रान्स-इटलीच्या बाटल्यांवर कस्टम ड्यूटी इतकी बसते की तिकडे रोज जेवणाबरोबर पितात ती साधी वाइन इथे दोन हजाराला पडते, आणि त्या पैशात नाशिकची सगळ्यात भारी वाइन येते. किमती महाराष्ट्रातल्या आणि ७५० मिलीच्या बाटलीच्या आहेत. मोघमच धरा, कारण दरवर्षी वाढतात आणि राज्य बदललं की टॅक्स बदलतो. तीच बाटली बंगळुरात किंवा दिल्लीत वेगळ्याच भावाला दिसली तर दुकानदाराशी भांडू नका.

पण नावांच्या आधी एक गोष्ट, कारण ही चुकली तर खालची सगळी यादी फुकट. वाइन खराब होते ती उन्हाने आणि वयाने. जुनी वाइन म्हणजे भारी वाइन हे डोक्यातून काढून टाका, हजार रुपयाच्या आतली जवळपास प्रत्येक वाइन ताजी प्यायला बनवलेली असते. आपल्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, त्यामुळे बाटलीवर जे साल असतं ते त्या वर्षाच्या सुरुवातीच्या तोडणीचं. व्हाइट आणि रोझे (गुलाबी वाइन) शक्यतो त्या सालापासून दीड-दोन वर्षांच्या आत प्यायची. साधी रेड तीन वर्षांपर्यंत ठीक, ओक लाकडाच्या पिंपात ठेवलेली रिझर्व्ह टाइप रेड पाच-सहा वर्षं आरामात जाते. समोर साल छापलेलं नसेल तर बाटली उलटी करा, मागच्या लेबलवर बारीक अक्षरात बॅच नंबर आणि बाटली भरल्याचा महिना असतोच.

आणि दुकान बघा. आमच्या भागात एक दुकान आहे, नाव नाही घेत, तिथे वाइनच्या बाटल्या शोकेसमध्ये रस्त्याच्या बाजूला उभ्या, दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर आणि एसी फक्त गल्ल्याच्या वर. तिथली व्हाइट हातात घेतली तर रंग फिकट हिरवट-पिवळा असायला हवा तो चक्क मधासारखा झालेला, आणि कॉर्कवाल्या एका बाटलीच्या कॅपच्या कडेला चिकट ओघळ सुकलेला. म्हणजे उष्णतेने आतली वाइन फुगून कॉर्कच्या बाजूने बाहेर आली होती. अशी बाटली डिस्काउंटमध्ये मिळाली तरी नको. ज्या दुकानात माल पटापट खपतो तिथून घ्या, किंवा फ्रिजमधली मागा. स्क्रू कॅप बघून नाक मुरडू नका, व्हाइटसाठी ती उलट बरी.

आता नाशिक. नाशिक म्हणजे एकच एक चव असं नाहीये. गंगापूर धरणाची बाजू वेगळी, दिंडोरी वेगळी, इगतपुरीकडचा पट्टा वेगळा. उंची साधारण सहाशे मीटर, दिवसा ऊन आणि हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी, त्या थंडीमुळे द्राक्षात आंबटपणा टिकतो आणि वाइनला जीव तिथून येतो. युरोपात वेल थंडीत झोपते, आपल्याकडे झोपत नाही, म्हणून वर्षातून दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी.

गंगापूर धरणाजवळ सुला ही वायनरी, १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी सुरू केलेली. पहिल्यांदाच वाइन घेत असाल तर सुलाची शेनिन ब्लाँ ही व्हाइट घ्या (हे द्राक्षाच्या जातीचं नाव, खालची शिराझ, कॅबर्नेही तशीच), ८०० ते ९५०. वास पेरूचा, थोडा अननस, चवीला हलकी गोडसर आणि मागे मोसंबीसारखा आंबटपणा. वाइनवाले लोक हिला हसतात, पण कोथिंबीर वडी, बटाटवडा, तिखट चिवडा यांच्यासोबत हिच्याइतकी जमणारी दुसरी नाही, कारण तो जरासा गोडवा तिखटाला शांत करतो. गोड अजिबात नको असेल तर सोविन्यों ब्लाँ, ९०० ते १०५०, ती सडसडीत, वास कापलेल्या गवताचा आणि हिरव्या सिमला मिरचीचा. लिंबू पिळलेल्या तळलेल्या माशांबरोबर लाजवाब. रव्यात घोळवलेली सुरमई किंवा बोंबील असतील तर दुसरं काही शोधू नका. द सोर्स ग्रेनाश रोझे साधारण ११०० ते १३००, कलिंगड-स्ट्रॉबेरीचा वास, एकदम कोरडी, म्हणजे गोडवा नाही. दिसायला गुलाबी म्हणून लोक गोड समजून घेतात आणि पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात.

रेडमध्ये सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, ११०० ते १३००. वर सगळे "काय घेऊ" विचारतात ना, त्यांना मी बहुतेक वेळा हीच सांगते. ग्लासात ओतून दोन मिनिटं फिरवा, आधी लाकडाचा आणि व्हॅनिलाचा वास येतो, तो जरा ओसरला की मागून काळी मिरी आणि पिकलेलं जांभूळ. जिभेवर तुरटपणा आहे पण बोचत नाही. सुक्या मटणाबरोबर छान. याच घरची रासा शिराझ दोन हजाराच्या आसपास जाते, चांगली आहे, पण ती गिफ्ट द्यायला किंवा खास दिवसाला, नुसतं मंगळवारी पिठलं-भाकरी खाताना उघडायची नाही.

शेजारीच यॉर्क, २०२१ मध्ये सुलाने विकत घेतली. त्यांची आरोस, शिराझ आणि कॅबर्ने मिळून केलेली, १५०० ते १८००, माझ्या मते या किमतीत सगळ्यात भरीव रेड. घट्ट, गडद, तोंडात बराच वेळ रेंगाळते. उघडून अर्धा तास तरी ठेवा, लगेच प्यायलात तर फक्त लाकूड आणि तुरटपणाच लागेल आणि मग मला शिव्या द्याल.

दिंडोरीला शाँदों, फ्रान्सच्या मोएत हेनेसी कंपनीची, २०१३ पासून बाजारात आहे. त्यांची ब्रूट, म्हणजे बुडबुड्यांची कोरडी वाइन, १७०० ते २००० ला जाते. यात बुडबुडे सोड्यासारखे वरून गॅस मारून आणलेले नसतात, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून येतात, म्हणून ते बारीक असतात आणि एक ताज्या पावाचा वास येतो, सोबत हिरवं सफरचंद. बजेट कमी असेल तर सुलाची ब्रूट ट्रॉपिकाल, १२०० ते १५००, थोडी जास्त फळकट. वाढदिवस-पार्टीला लोक केकबरोबर उघडतात ते मात्र चूक आहे, गोड केकपुढे ब्रूट नुसती आंबटढाण लागते. साबुदाणा वडा, भजी, वेफर्स असं तळलेलं-खारट ठेवा आणि बघा.

इगतपुरीच्या बाजूला मुकणे धरणाजवळ व्हालोने म्हणून छोटी वायनरी आहे. व्हियोनिए आणि माल्बेक करतात, दोन्ही १२०० ते १६०० मध्ये. व्हियोनिए वासाला मोगरा आणि जर्दाळू, चवीला कोरडी, हा विरोधाभास भारी वाटतो. माल्बेक म्हणजे करवंद. सगळीकडे मिळत नाही, नाशिक-मुंबई-पुण्यात मोठ्या दुकानात विचारा. निफाडच्या रेव्हेलो वायनरीचंही तेच, दिसली तर सोडू नका. सिसिलीची ग्रिलो आणि नेरो दाव्होला ही द्राक्षं त्यांनी आपल्या मातीत लावली, आणि त्यांची लेट हार्व्हेस्ट शेनिन ब्लाँ छोट्या बाटलीत येते. द्राक्षं वेलीवरच जास्त पिकवून केलेली, मध आणि मोरांब्याच्या मधली चव. श्रीखंडासोबत घ्या, गोडावर गोड होतं असं वाटतं पण श्रीखंडाचा आंबटपणा ते सांभाळून घेतो.

नाशिक सोडून सोलापूर जिल्ह्यात आलो की अकलूज. इथे ऊस दिसेल, डाळिंब दिसेल, वाइन मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. इथे फ्रातेली आहे, इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरच्या भावांनी मिळून उभी केलेली, आणि वाइन बनवणारे पिएरो मासी इटलीतल्या टस्कनीचे. त्यामुळे सांजोवेसे हे टस्कनीचं द्राक्ष माळशिरस तालुक्यात पिकतं. त्यांची साधी सांजोवेसे ९०० ते ११००, रंगाने पातळ लाल, चवीला आंबट चेरी आणि थोडं आमसुलासारखं. आपल्या जेवणाला रेड लावायची असेल तर माझं पहिलं मत हिला, कारण टोमॅटो-कांद्याच्या ग्रेव्हीत आंबटपणा असतोच आणि हिची बाजू त्याला मिळते. भरली वांगी, चिकन रस्सा, अगदी पावभाजीसुद्धा. वरची पायरी म्हणजे सेत्ते, सांजोवेसे आणि कॅबर्ने मिळून, दोन हजाराच्या आगेमागे. ही घेऊन दोन-तीन वर्षं ठेवली तरी चालेल, पण ठेवणार कुठे हा प्रश्न आहे. किचनच्या वरच्या फडताळात नको, तिथे सगळ्यात जास्त गरम असतं. कपाटाच्या तळाशी, आडवी, अंधारात.

कर्नाटकात बंगळुराजवळ नंदी हिल्सला ग्रोव्हर, हे देशातल्या जुन्या वाइनवाल्यांपैकी, नव्वदच्या दशकात फ्रान्समधल्या बोर्दोचे वाइनतज्ज्ञ मिशेल रोलाँ त्यांचे सल्लागार होते. पुढे ग्रोव्हर झाम्पा झाली आणि आता त्यांची एक वायनरी इगतपुरीजवळ सांजेगावलाही आहे. ला रिझर्व्ह कॅबर्ने-शिराझ ११०० ते १४००, शांत प्रकृतीची रेड, तंबाखूच्या पानाचा आणि मसाल्याचा वास, दिंडोरी रिझर्व्हपेक्षा कमी गोडसर. दोन्ही शेजारी ठेवून प्या, कॅबर्ने आली की काय फरक पडतो ते पुस्तक न वाचता कळेल. हंपीकडे कृस्मा म्हणून आहे, कॅबर्ने सोविन्यों साठी नावाजलेली, पण अडीच-तीन हजार आणि वर, महाराष्ट्रात सहज मिळतही नाही. हंपी-बंगळुरला गेलात तर बघा.

गोव्याहून येताना पोर्ट वाइन आणणारी मंडळी प्रत्येक घरात असतात. ती स्वस्त, गोड, काकूंना आवडणारी गोष्ट आहे, पोर्तुगालच्या पोर्टशी तिचा नावापुरताच संबंध. तिकडची पोर्ट आंबवणं अर्ध्यावर थांबवून त्यात द्राक्षाचं स्पिरिट घालून करतात, म्हणून कडक आणि गोड दोन्ही. गोव्याची पोर्ट बर्फ, संत्र्याच्या फोडी आणि थोडा सोडा घालून द्या, पार्टीत चालून जाते. मुद्दाम ग्लास फिरवून वास घेत बसायची ती वाइन नाही.

पिताना सगळ्यात मोठा घोळ टेंपरेचरचा होतो. रेड रूम टेंपरेचरला प्यायची म्हणतात ती रूम युरोपातली, १६-१८ डिग्रीची. पुण्यात एप्रिलमध्ये आपली रूम ३२ ला असते, त्या टेंपरेचरला रेड उघडली की नाकात नुसता अल्कोहोल चढतो आणि लोक म्हणतात रेड आवडत नाही. सरळ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट आणि रोझे दोन-तीन तास, शाँदों वगैरे तर पूर्ण गार, रात्रभर ठेवली तरी चालेल. घाई असेल तर पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ टाकून बाटली बुडवा, वीस मिनिटांत काम होतं. फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका, फुटते.

तिखटाबद्दल अजून एक. खूप तुरट आणि खूप ओक असलेली रेड कोल्हापुरी तांबड्या रश्श्याबरोबर घेऊ नका, मिरची आणि तुरटपणा एकमेकांना चढवतात आणि दोन्हीची चव जाते. तिथे गार शेनिन किंवा रोझे. पांढऱ्या रश्श्याला मात्र व्हियोनिए लावून बघा, खसखस आणि नारळाच्या दुधाशी तिची गट्टी जमते. पुरणपोळीला कुठलीच नाही, तिला तूप पुरे.

पाहुणे येणार असतील तर हिशोब सोपा, एका बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. सहा जण असतील तर एक शेनिन, एक सांजोवेसे, एक दिंडोरी रिझर्व्ह, तीन-सव्वातीन हजारात संध्याकाळ निघते. ग्लास महागडे नकोत पण मोठे घ्या आणि एक तृतीयांशच भरा, काठोकाठ भरला तर वास राहायला जागाच उरत नाही. ड्राय डे आहे का तेवढं आदल्या दिवशी बघून ठेवा, निवडणुकीच्या सीझनला हमखास फजिती होते. उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्येच, रेडसुद्धा, तीन-चार दिवस बरी राहते, बुडबुड्यांवाली मात्र दुसऱ्या दिवशीच बसते. आठवडाभर राहिलेली रेड पिऊ नका, मटण शिजवताना कपभर ओता.