कथा एका बैठकीत बसवताना

कथेचं बळ एका बैठकीत असतं. अमेरिकी कथाकार एडगर ॲलन पो यांनी १८४२ मध्ये आपले समकालीन लेखक नथॅनिएल हॉथॉर्न यांच्या कथांवर लिहिताना वाचनाला अर्धा ते दोन तास, अशी मर्यादा घातली होती. कादंबरी आपण मिटून ठेवतो, चार दिवसांनी उघडतो, तेव्हा सूर पुन्हा जुळवावा लागतो. कथेत मात्र पहिल्या पानावरची वस्तू शेवटी नुसती दिसली तरी भिडते, कारण वाचक ती विसरलेला नसतो. हा फायदा मिळवायचा तर पसारा आवरायला हवा.

पहिला खर्डा पाच-सहा हजार शब्दांचा झाला तर होऊ द्या. आठवडाभर तो उघडू नका. मग एका वाक्यात लिहा: या कथेत कोणाचं काय बदलतं? ‘आणि’ घालून दोन बदल लिहावे लागले, तर तुमच्याकडे दोन कथा आहेत. एक निवडा.

आता सुरुवात. बहुतेक खर्ड्यांत पहिलं पान लेखकाच्या तयारीतच जातं: गावाचं वर्णन, घराण्याची हकिगत. कथा जिथे हलते तिथे खूण करा आणि वरचं सगळं वेगळ्या फाइलमध्ये टाका. त्यातली दोन-तीन वाक्यंच खरी लागतात. ती संवादात कोंबू नका. ‘तुला माहीतच आहे, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली’ असं घरात कोणी बोलत नाही.

सर्वांत जास्त मेहनत भावना सांगणाऱ्या वाक्यांवर घ्या. ‘घरात आपल्याला कोणी विचारत नाही याचं आईला फार वाईट वाटे.’ इथे वाचकाला करण्यासारखं काही उरलंच नाही. त्याऐवजी: ‘आईने दोनदा विचारलं, “चहा टाकू का?” मोबाइलमधून कुणी मान वर केली नाही. तिने पातेलं परत फडताळात ठेवलं.’ शब्द वाढले तरी चालेल. असा एक प्रसंग पुढची दोन पानं वाचवतो.

निवेदनाची भाषा एकच ठेवा. ‘केले’ आणि ‘केलं’ यांची सरमिसळ फार आढळते आणि कानाला लगेच खटकते. पात्राची बोली त्याच्या तोंडीच राहू द्या.

शेवटचा परिच्छेद हाताने झाकून वाचा. कथा पुरी वाटली तर तो काढा. तिथे बहुधा अर्थ समजावलेला असतो.

मग मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडा, जिथे आपलंच लक्ष उडतं तिथे परिच्छेद गाळा. दिवाळी अंकासाठी पाठवणार असाल तर शब्दमर्यादा आधीच विचारून घ्या. जागेअभावी संपादकाला कात्री लावावी लागली, तर काय जाईल हे तुमच्या हातात राहत नाही.