कोर्टात शिक्षा झाली, आता घरातल्या बंदुकीचं काय करायचं?

बांधावरच्या भांडणातून हाणामारी झाली, केस चालली आणि शिक्षा लागली. घरात परवान्याची बारा बोअर आहे. अशा वेळी बहुतेक जण परवाना रद्द झाल्याच्या पत्राची वाट बघतात. ते पत्र येईपर्यंत थांबू नका, कारण कायद्यातली बंदी पत्रावर अवलंबून नाही.

शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 9 सांगतं की हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या (म्हणजे चोरी, फसवणुकीसारख्या) गुन्ह्यात कैद झाली असेल, तर शिक्षा संपल्यानंतर 5 वर्षं बंदूक किंवा काडतूस घेता, ठेवता किंवा बाळगता येत नाही. कैद किती दिवसांची, याला महत्त्व नाही. मोजणीत मात्र हमखास चूक होते: 5 वर्षं निकालाच्या तारखेपासून नाही, शिक्षा संपल्यापासून धरायची. कैद 10 मार्च 2022 ला पुरी झाली असेल, तर 10 मार्च 2027 पर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही. अपील दाखल करून जामिनावर बाहेर आलात म्हणजे शिक्षा संपली असं होत नाही. म्हणून तुरुंगातून सुटल्याचा दाखला आणि निकालाची नक्कल जपून ठेवा.

फक्त दंड झाला असेल, तर या कलमातली बंदी लागू होत नाही. कोर्टाने परिविक्षा अधिनियम 1958 खाली चांगल्या वर्तनाच्या अटीवर सोडलं असेल, तर त्याच कायद्याच्या कलम 12 मुळे दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही. पण तेवढ्याने परवाना मिळेलच असं नाही. सार्वजनिक शांततेच्या कारणावरून अधिकारी तो नाकारू शकतात किंवा निलंबित करू शकतात. तडीपारी झालेल्यांच्या बाबतीत बहुधा हेच कारण पुढे येतं.

चॅप्टर केस, म्हणजे शांतता बिघडू नये म्हणून होणारी प्रतिबंधक कारवाई, लोक किरकोळ समजतात. शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तनाचा बाँड लिहून द्यायचा आदेश झाला, की बाँडची मुदत संपेपर्यंत तीच बंदी लागते, आणि इथे गुन्हा शाबीत झालेला असण्याचीही गरज नाही. तालुक्याला तहसीलदार किंवा प्रांतांपुढे उभे राहाल तेव्हा घरात परवान्याची बंदूक आहे हे वकिलाला आधी सांगा.

आता बंदूक जमा करण्याबद्दल. ताबा बेकायदा ठरला की कलम 21 प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी लागते. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडेही ठेवता येते. आमचा सल्ला असा की कैद भोगायला जाण्याआधीच हे उरका, नाहीतर बंदूक घरात आणि माणूस तुरुंगात अशा स्थितीत घरच्यांवर बालंट येतं. बंदूक भावाच्या घरी ठेवणं किंवा शेतातल्या कोठीत लपवणं हा उपाय नाही. भावाकडे स्वतःचा परवाना नसेल तर तोही गुन्ह्यात येतो. जमा करताना पावतीवर बंदुकीचा नंबर, बोअर, कंपनीचं नाव आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, शिक्का बघा. काडतुसं घरी विसरली तर तीही बंदीतच मोजली जातात. निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा केली असेल, तर ती पावती इथे चालणार नाही. शिक्षेचा उल्लेख करून वेगळा अर्ज द्या. जमा केलेली बंदूक विहित मुदतीत पात्र माणसाला विकताही येते. मुदत गेली तर ती सरकारजमा होऊ शकते, म्हणून मुदत ठाण्यात विचारून पावतीवरच टिपून घ्या.

बंदीच्या काळात बंदूक सापडली, तर कलम 25 खाली किमान 1 वर्ष आणि कमाल 3 वर्षं कैद आणि दंड. परवानाच नसेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर 2 ते 5 वर्षं.

सोलापूर जिल्ह्यात राहत असाल, तर 5 वर्षं झाल्यावर नवा अर्ज सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांकडे करायचा. बार्शी, करमाळा, सांगोला, अक्कलकोट अशा ग्रामीण भागातल्यांनी तो जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. अर्जात जुन्या शिक्षेची माहिती विचारतात, ती लपवू नका. पोलीस पडताळणीत ती निघतेच, आणि माहिती दडवणं हे कलम 17 मध्ये परवाना रद्द करण्याचं स्वतंत्र कारण आहे. नकार आला तर कारणं लेखी मागा आणि 30 दिवसांच्या आत अपील करा. अपील कुणाकडे करायचं ते आदेशावर नसेल, तर त्याच कार्यालयातून लेखी विचारून घ्या.